ढगाळ आभाळातला पांढरा फुगा

खोटं बोललात तुम्ही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचायचं की कागद चुरगाळायचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लष्करी तळाशेजारच्या जलाशयावर जे दिसलं तो हवामान केंद्राचा फुगा होता, असं पत्रक मुख्यालयातून तुम्ही छापून वाटलंत. खाली शिक्का, शिक्क्याखाली सही. सही वाचता येत नाही. तुमच्याकडची कुठलीच सही वाचता येत नाही, ती तुमची जुनी रीत आहे. आणि त्या कागदी फुग्यापायी एक धडधाकट, शहाणा माणूस जाळी लावलेल्या खोलीत बसवलात.

आता तो कागद कसा फाटला ते ऐका.

१

सोमवारी सकाळी ब्रिगेडियरसाहेबांनी मेजरला बोलावून घेतलं. मेजर चाळिशीची, उंच, आवाजाने जरा करडी. अकरा वर्षं तिने या एका माणसाच्या हाताखाली काढली होती. नकाशा वाचायला त्यांनी शिकवलं, माणसं वाचायलाही त्यांनीच शिकवलं, असं ती सगळ्यांना सांगायची.

"बस, पोरी." साहेबांनी फाईल पुढे सरकवली. "भोंगा वाजला नसता तर या भानगडीची गरजच नव्हती. पण पहाऱ्याच्या मनोऱ्यावरच्या त्या शहाण्याने भोंगा वाजवला आणि अर्धं शहर गच्चीवर चढलं. वर्तमानपत्रवाले मानगुटीवर बसलेत. गुरुवारी वैद्यकीय मंडळ आहे, तोवर मला तुझा अहवाल हवा. फुगा होता, पहारेकऱ्याची तब्येत बरी नव्हती, विषय संपला."

"सर, तपास करायचाय की नुसतं टाइप करायचंय?"

साहेब मोकळेपणाने हसले. "तुझी जीभ काही सुधारत नाही."

मेजरने फाईल उघडली. पहारेकऱ्याचं नाव तिने बोट ठेवून पुन्हा वाचलं. तिच्याच जुन्या तुकडीतला हवालदार. बारा वर्षं वायरलेसवर बसलेला. कानाने काम करणारा माणूस.

"सर, हा मनोऱ्यावर काय करत होता?"

"माणसं कुठायत आपल्याकडे? हाताशी येईल तो उभा करायचा." साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "मंडळाने एकदा कायमचा अयोग्य ठरवला की त्यालाही विश्रांती मिळेल."

विश्रांती म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. नोकरी जाणार, आणि वर कपाळावर वेड्याचा छाप. तो छाप घेऊन फिरणाऱ्याला साधी रखवालदारीसुद्धा कुणी देत नाही.

२

इस्पितळाच्या मागच्या अंगाला ती खोली होती. खिडकीला जाळी, खाट जमिनीला बोल्टने आवळलेली. गळफास लावून घेऊ नये म्हणून इथे पायजम्याची नाडी काढून घेतात. हवालदार उठून उभा राहिला तो डाव्या मुठीत पायजमा धरून, आणि उजव्या हाताने त्याने सलाम ठोकला. मेजरला तो सलाम घेताना कुठे बघावं ते कळेना.

"हवालदार, मला ओळखलंत का?"

"वेड लागलंय म्हणतात मॅडम, डोळे गेलेत असं नाही म्हणत."

"मग त्या डोळ्यांना काय दिसलं ते सांगा."

"कशाला? फुगा फुगवून झालाय ना तुमचा?"

मेजर खाटेच्या कडेला बसली. वही उघडून गुडघ्यावर ठेवली. तेव्हा तो बोलायला लागला. वायरलेसवर संदेश द्यावा तसा, एकेक तुकडा मोजून.

"राखाडी रंग. चपटं. कोपरे होते त्याला. फुग्याला कोपरे असतात का? वारा पश्चिमेचा, माझ्या डाव्या गालावर लागत होता. आणि ते वाऱ्याच्या तोंडात घुसत निघालेलं. जलाशयावर येऊन थांबलं. चार मिनिटं, भिंतीत खिळा ठोकल्यासारखं. मग एक अंग कललं आणि पाण्यात गेलं. तेव्हा मी भोंगा वाजवला."

"आभाळ कसं होतं?"

"गच्च. दुपारपासून ऊन नव्हतं."

"तुमच्याबरोबरचा दुसरा पहारेकरी?"

"नव्हताच. मनोऱ्यावर कायम दोघं असतात म्हणे. मला कुठलं माहीत? मी आयुष्यात पहिल्यांदा चढलो त्या शिडीवर."

मेजरने हे सगळं टिपून घेतलं. ती उठायला लागली तसा हवालदार एकदम म्हणाला, "डॉक्टरने मला पहिला प्रश्न काय विचारला माहितेय? काय दिसलं, हे नाही. म्हणाला, 'मेलेल्या भावाचा आवाज अजून ऐकू येतो का?'"

मेजरचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"वर्दीतल्या एकाच माणसाला सांगितलं होतं मी ते," हवालदार म्हणाला. "आईवर टाकावा तसा विश्वास टाकला होता तुमच्यावर. या आता."

३

तीन वर्षांपूर्वी हवालदाराचा धाकटा भाऊ गाडी उलटून गेला. तोही याच तळावर होता. त्यानंतर काही आठवडे रात्रपाळीत, वायरलेसच्या खरखरीतून, हवालदाराला भाऊ हाक मारताना ऐकू यायचा. तो आपणहून मेजरकडे आला आणि रडला. कागदावर नोंद झाली असती तर त्याची नोकरी संपली असती, म्हणून मेजरने नोंद केली नाही. बाहेरच्या एका डॉक्टरकडे पाठवला, चाळीस दिवसांची रजा लावली, बरा होऊन आला तसा परत कामावर घेतला. तेव्हापासून एक संदेश चुकला नव्हता त्याचा.

मग हे बाहेर कुणी काढलं? ती चालता चालता स्वतःशीच चिडत होती. पण आधी फुगा.

हवामान केंद्र म्हणजे धावपट्टीच्या टोकाची एक पत्र्याची खोली आणि बाहेर गॅसची नळकांडी. तिथले निरीक्षक एकतीस वर्षं रोज दोन वेळा फुगा सोडत आले होते. सारा तळ त्यांना फुगेवाले काका म्हणायचा.

"काका, शुक्रवारचा फुगा तुम्ही सोडलात?"

"नोंदवहीत आहे ना? मग सोडला असेल." काका दुर्बिणीची काच पुसत राहिले.

"मी तुम्हाला विचारतेय, वहीला नाही."

काकांनी फडकं खाली ठेवलं, दारातून बाहेर डोकावून आले आणि वही तिच्यासमोर उघडली. "तुम्हीच वाचा. मला काही बोलायचं नाही. निवृत्तीला सात महिने राहिलेत, याची मला शनिवारीच आठवण करून दिलीय."

मेजरने वाचलं. वेळ सहा. वारा पश्चिमेचा. आकाश पूर्ण ढगाळ. फुगा पांढरा. तिला काही वावगं दिसेना.

"दिसलं नाही? नाहीच दिसणार. ज्याने लिहिलं त्यालाही नाही दिसलं." काकांच्या आवाजात आता धंद्याचा राग होता. "अहो बाई, फुगा सोडला की संपलं नाही. तो वर जाईपर्यंत या दुर्बिणीतून त्याच्या मागे डोळा लावून बसायचं असतं, तेव्हा वरचा वारा कळतो. आभाळ निळं असलं की पांढरा फुगा. ढग असले की काळा नाहीतर लाल. पांढऱ्या ढगात पांढरा फुगा सोडून मी काय बघणार, माझं कपाळ? ढगाळ आभाळात पांढरा फुगा सोडणारा माणूस माझ्या खात्यातला नाही. तो वाढदिवसाला फुगे लावणारा."

"मग तुम्ही कुठे होतात?"

"चार वाजता गाडी आली. म्हणे पलीकडच्या केंद्रात वारा मोजणारा काटा बिघडलाय, बघून या. गेलो. काटा माझ्यापेक्षा ठणठणीत. आठला परत आलो तर माझ्या वहीत, माझ्या ओळीवर कुणीतरी बसलेलं."

"गाडी कुणी पाठवली?"

काकांनी फडकं पुन्हा उचललं. "बाई, मी वर बघणारा माणूस आहे. पण फक्त ढगांपर्यंत."

४

म्हणजे फुगा नव्हताच. आणि चार वाजताच कुणाला तरी माहीत होतं की सहा वाजता फुगा लागणार आहे.

मेजर तडक हजेरीच्या खोलीत गेली. पहाऱ्याच्या याद्या लावणारा लिपिक तिथे तीन बाजूंनी कपाटं लावून मध्ये बसायचा. कुणा वरिष्ठाची चूक अंगावर घेऊन तो एकदा सात दिवस कोठडीत बसून आला होता. तेव्हापासून त्याला शिंक आली तरी तो वेळ लिहून ठेवतो, अशी त्याची तळावर टिंगल चालायची.

"शुक्रवारची यादी कुणी बदलली?"

"यादी बदलली जाते, मॅडम. कुणी बदलत नाही."

"ठीक आहे. मग मी लिहिते की लिपिकाने बदलली."

लिपिक ताडकन उठला. सगळ्यात खालच्या कप्प्यातून एक जाड वही काढून त्याने बोट ठेवलं. "ही माझी खाजगी. सरकारी नाही. वाचा आणि विसरा."

मंगळवार, अकरा वीस. फोनवरून. शुक्रवार संध्याकाळ, मनोरा. नेहमीचे दोघे रद्द. वायरलेसचा हवालदार, एकटा.

मेजरने ती ओळ दोनदा वाचली. हाताशी आला म्हणून उभा केलेला माणूस? नाव घेऊन मागवलेला होता तो. तीन दिवस आधी.

"फोन कुणाचा?"

"वरचा."

"वर म्हणजे किती वर?"

"मान दुखेल इतका. मी आवाज ओळखतो मॅडम, पण आवाजाची सही घेता येत नाही. म्हणून नाव नाही लिहिलं." मग तो हळूच म्हणाला, "मी विचारलं होतं. म्हटलं साहेब, तो वायरलेसवाला, त्याला मनोऱ्याचं काय कळणार? तर म्हणाले, 'तोच हवाय.'"

तोच हवाय. मेजर बाहेर पायरीवर येऊन बसली.  मंगळवारी ज्याला माहीत होतं की शुक्रवारी आभाळात काहीतरी येणार, त्याने मनोरा रिकामा का नाही केला? रिकामा मनोरा रस्त्यावरून दिसतो, दहा जण विचारतात. तिथे कुणीतरी हवंच होतं. पण असा कुणी, की त्याने काहीही पाहिलं तरी चालेल.

त्यांनी पहारेकरी निवडला नव्हता. साक्षीदार निवडला होता, ज्याची साक्ष आधीच मेलेली आहे असा.

आणि ते निवडणाऱ्याला हवालदाराचा तो जुना आजार माहीत होता.

५

तळावरचा डॉक्टर कॅप्टन होता, नुकताच बदलून आलेला. तिला बघून त्याने समोरची फाईल मिटली. हवालदारावर उपचार केलेल्या बाहेरच्या डॉक्टरला तो ओळखत होता का? नाही. त्याने हवालदाराच्या घरी चौकशी केली होती का? नाही.

"मग भावाच्या आवाजाचं तुम्हाला कळलं कुठून?"

"पूर्वेतिहास बंद पाकिटातून आला, मॅडम. सही नव्हती. वर लिहिलं होतं, प्रमाणपत्रात समाविष्ट करावा. मी केला."

"रुग्णाला न विचारता?"

"विचारलं की. आवाज यायचा का, विचारलं. तो गप्प बसला. मी त्याचा अर्थ हो असा घेतला."

"प्रमाणपत्र दाखवा."

एका पानाचा कागद होता. मेजरने तो खिडकीजवळ नेऊन वाचला. चौथी ओळ अशी होती: 'तीन वर्षांपूर्वी रुग्णास मृत भावाचा आवाज टेलिफोनवर ऐकू येत असे.'

टेलिफोनवर.

तिने कागद खाली ठेवला.  ती ओळ तिने वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली.

"मॅडम, काही चुकलंय का त्यात?"

"हो," ती म्हणाली. "चुकलंय. माझं."

६

साहेब जेवण आटोपून नुकतेच खुर्चीत बसले होते.

"झाला अहवाल?"

"एक शंका आहे सर. हवालदाराला भावाचा आवाज टेलिफोनवर ऐकू यायचा?"

"असंच आहे ना कागदात?"

"कागदात आहे. पण तो वायरलेसवर ऐकू यायचा. हवालदाराला विचारा, वायरलेस सांगेल. त्याच्या बाहेरच्या डॉक्टरला विचारा, वायरलेस. त्याच्या बायकोला तर काहीच माहीत नाही, ती समजते नवरा प्रशिक्षणाला गेला होता."

साहेबांनी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"चाळीस दिवसांची रजा मंजूर करून घ्यायला मी तुमच्याकडे आले होते," मेजर म्हणाली. "याच खोलीत. तुम्ही दार लावून घेतलंत, म्हणालात, 'खरं सांग, माझ्यापाशी राहील.' मी खरं सांगितलं, फक्त एक शब्द सोडून. वायरलेस म्हटलं असतं तर तुम्ही त्याला त्या खुर्चीवर परत बसू दिलं नसतं. म्हणून मी टेलिफोन म्हणाले. हे खोटं मी आयुष्यात एकदाच बोलले सर, आणि एकाच माणसाशी. पाकिटातल्या कागदावर माझं खोटं जसंच्या तसं आहे. ते दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नाही."

खोलीतला पंखा फिरत होता. साहेबांनी चष्मा काढला. तो काढल्यावर ते नेहमी म्हातारे दिसायचे, आज तसे दिसले नाहीत.

"ते आपलंच होतं," ते म्हणाले. "बिनमाणसाचं उडतं यंत्र, नवं. त्या दिवशी उडवणं भाग होतं. पडेल असं कुणाला वाटलं होतं?"

"ते मी विचारलंच नाही."

"पोरी, एका माणसाच्या बदल्यात सगळं झाकलं जात असेल—"

"तो माणूस मी तुमच्या ओटीत घातला होता सर. जपायला."

"आणि हे तू सिद्ध कसं करणार?" साहेबांचा आवाज अजूनही मायेचाच होता, तेच जास्त भयंकर होतं. "आधी तुला सांगावं लागेल की तू आजार लपवलास, मग सांगावं लागेल की वरिष्ठाशी खोटं बोललीस. वर्दी उतरेल. अकरा वर्षं मी तुला घडवलंय, तुझं नुकसान मला बघवणार नाही. सही कर आणि मोकळी हो."

तेव्हा तिला कळलं की तपास तिच्याकडेच का आला. हवालदार बोलला तर वेडा ठरणार, ती बोलली तर खोटारडी. एकाच संध्याकाळसाठी साहेबांनी दोन तोंडं निवडली होती, आणि दोन्ही त्यांच्याच मुठीतली.

"मला तुम्ही मंगळवारीच निवडलंत, की नंतर?" तिने विचारलं.

साहेबांनी फाईल तिच्याकडे सरकवली. 

७

गुरुवारी दहा वाजता मंडळ बसलं. तीन डॉक्टर, मध्ये पिकल्या केसांचे अध्यक्ष. भिंतीशी साहेब. समोर हवालदार, दोन शिपायांच्या मध्ये. मेजर आत आली तेव्हा त्याने मान फिरवली.

तिने अहवाल वाचायला घेतला. फुग्याचं वाचलं, यादीचं वाचलं. काका आणि लिपिक यांची नावं तिने घेतली नाहीत. नोंदवहीतल्या त्या ओळीत नेहमीचं अक्षर नाही आणि मूळ यादीवर खाडाखोड आहे, एवढं डोळे असलेल्या कुणालाही दिसत होतं. मग शेवटचं पान.

"हवालदाराचा आजार मी लपवला. रजेच्या अर्जात खोटं कारण मी लिहिलं. आणि ब्रिगेडियरसाहेबांना सांगताना एक तपशील मी जाणूनबुजून चुकीचा सांगितला. तीच चूक या प्रमाणपत्रात आहे."

"मेजर, हे बोलताय त्याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"चांगला कळतोय. लिहून घ्या."

अध्यक्ष हवालदाराकडे वळले. "तुम्हाला आवाज कुठे ऐकू यायचा?"

हवालदाराने मेजरकडे बघितलं.  "वायरलेसवर, साहेब. टेलिफोनवर कसा येईल? भाऊ फोनवर कधी बोलायचाच नाही. लाजायचा."

"आणि आता?"

"तीन वर्षं झाली साहेब. कधी कधी यावा असं वाटतं. येत नाही."

अध्यक्षांनी कॅप्टनला विचारलं, इतिहास कुठून घेतला. कॅप्टनने भिंतीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "पाकिटातून." अध्यक्षांनी प्रमाणपत्राची घडी घातली, पुन्हा घातली, आणि सही न करता बाजूला ठेवलं. हवालदाराला तुकडीत परत पाठवावं, असं लिहवून घेतलं.

साहेब उठून निघून गेले. जाताना त्यांनी मेजरकडे पाहिलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

हवालदार दारात थांबला. "मॅडम, मी तुम्हाला नको ते बोललो."

"बोललात ते बरोबरच होतं," मेजर म्हणाली. "सांगितलं मीच होतं. फक्त कुणाला सांगतेय ते कळलं नव्हतं."

संध्याकाळी तिच्या खांद्यावरची चिन्हं काढून घेतली. पावती दिली त्याची.

आता तुम्ही. हवालदार कामावर आहे म्हणून प्रकरण मिटलं, असं तुमच्या कार्यालयात म्हणतात म्हणे. ब्रिगेडियरसाहेबांची बदली झाली, तीही वरच्या जागी. फुगा मात्र तुमच्या पत्रकात अजून उडतोय, पांढराच. मेजरने तुम्हाला तीन पत्रं लिहिली, पोच आली तिन्हींची, उत्तर एकाचं नाही.

जलाशयात काय पडलं ते विचारत नाही. तुमची यंत्रं, तुमची गुपितं, ठेवा झाकून. विचारायचंय ते एवढंच: दुःखाने कोसळलेला आणि स्वतःच्या पायांवर पुन्हा उभा राहिलेला माणूस तुम्ही त्या शिडीवर चढवलात, तो केवळ त्याला परत पाडता येईल म्हणून. हा हुकूम एका ब्रिगेडियरचा होता, की त्याच्याही वर कुणी 'तोच हवाय' म्हणालं होतं? नाव सांगा. लेखी सांगा. आणि या वेळी सही वाचता येईल अशी करा.